रिजेक्शनबाईंचा लाल टॅग

‘चालतंय की’ असं कुणी म्हटलं की मी अजूनही आधी इकडेतिकडे बघते. शकूताईंनी ऐकलं असेल तर पुढचा अर्धा तास आपला नाही, ही धास्ती इतक्या वर्षांत अंगात मुरली आहे. आता त्या नागपूरला मुलीकडे राहतात. इथे संत तुकाराम नगरात कुणी कितीही वेळा ‘चालतंय’ म्हटलं तरी त्यांच्या कानावर जायची शक्यता नाही. तरी मी बघते. आणि कुणी नाही असं दिसलं की त्यांचं ठरलेलं उत्तर मनातल्या मनात मीच देऊन टाकते. “चालतं सगळंच. थांबतंय का ते सांग.”

शकुंतला ओव्हाळ हे त्यांचं पूर्ण नाव. चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांच्या ब्रेकचे पॅड बनवणाऱ्या आमच्या कंपनीत त्या शेवटच्या तपासणीला होत्या आणि मी डिस्पॅचला. म्हणजे तयार माल गाडीत भरायला माझ्याकडे यायचा, त्याआधी त्यावरून शेवटचा हात त्यांचा फिरायचा. पॅड उचलायचा, उजेडात तिरका धरायचा, कडेवरून अंगठा न्यायचा आणि टॅग लावायचा. हिरवा म्हणजे पुढे जा. लाल म्हणजे इथेच थांब. लाल टॅग ही तळहाताएवढी पुठ्ठ्याची चिठ्ठी असते, वर भोक आणि भोकात दोरा. तिच्यावर तीनच गोष्टी लिहायच्या: भाग कोणता, दोष काय आणि तपासणाऱ्याची सही. टॅग लागलेला माल जमिनीवर लाल पट्ट्याने आखलेल्या चौकोनात जातो आणि निर्णय होईपर्यंत तिथून कुणी तो हलवायचा नाही, असा नियम आहे. नियम सगळ्यांना पाठ होता. मानणाऱ्या मात्र शकूताई एकट्याच होत्या, असं म्हटलं तर फारसं चुकायचं नाही.

प्रॉडक्शनची माणसं त्यांना मागून रिजेक्शनबाई म्हणायची. पुढून ‘ताई’ म्हणायची, आणि महिनाअखेरीला फार गोड म्हणायची. “ताई, एवढा लॉट डेव्हिएशनवर जाऊ द्या ना.” डेव्हिएशन हा आमच्या पट्ट्यातला लाडका शब्द आहे. माल जसा पाहिजे तसा झालेला नाही, पण फार वाईटही नाही, तेव्हा सगळ्यांनी मिळून डोळे मिटायचे आणि तो पुढे ढकलायचा, याला डेव्हिएशन म्हणतात. शकूताई कामावर हा शब्द ऐकून घ्यायच्या नाहीत, पण बाहेर मजेत वापरायच्या. आमच्याकडे जेवायला आल्या आणि भाजी जरा खारट झाली होती. मी ओशाळून विचारलं तर घास गिळून म्हणाल्या, “घरचं आहे, डेव्हिएशनवर पास.”

आम्ही एकाच सोसायटीत राहायचो आणि एकाच बसने जायचो. भोसरी, मोशी करत चाकणच्या चौकातल्या गर्दीत बस रुतली की बाकीच्या बायका डुलक्या काढायच्या. शकूताई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसून त्याच्या उजव्या पायाकडे बघत असायच्या. “दोनदा दाबलास तू,” त्या म्हणायच्या. “एकदा दाबल्यावर का नाही लागला?” ड्रायव्हर आधी हसायचा, मग चिडायचा, आणि शेवटी बस गॅरेजला दाखवून आणायचा, कारण रोज सकाळी तोच प्रश्न ऐकण्यापेक्षा ते सोपं होतं.

टॅगचा नाद त्यांनी घरीही आणला होता. कंपनीचा एकही टॅग त्यांनी घरी आणला नाही, हे त्या ठासून सांगायच्या. त्या स्वतःचे करायच्या, लग्नपत्रिकांचे. आपल्याकडे पत्रिका लालच असतात, रंग द्यायचीही गरज नाही. पत्रिकेचे चौकोन कापायचे, भोक पाडायचं, दोरा ओवायचा आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचे. आमच्या बागेतल्या झोपाळ्याला असा टॅग लागला होता: ‘भाग: साखळी. दोष: एक कडी उघडी.’ मागच्या बाजूला ‘चि. सौ. कां.’ एवढंच उरलेलं. पाण्याच्या टाकीच्या शिडीला लागला, आणि एकदा माझ्या कुकरलाही लागला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणायचे, बाईंना काही काम नाही. पण बारा तास घराबाहेर राहून घर चालवणाऱ्या बाईला काम नाही असं म्हणायला फारच जाड कातडी लागते.

त्या नेहमी बरोबर असायच्या असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्या पुतणीला बघायला मुलगा आला होता, तेव्हाची गोष्ट. मुलगा चांगला शिकलेला, घरचे सालस. पोहे झाले, चहा झाला, आणि शकूताई खाली जाऊन त्याची मोटरसायकल बघून आल्या. वर येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मागचा ब्रेक पार ढिला आहे हो तुमचा. किती दिवस झाले?” मुलगा बिचारा हसून म्हणाला, “काकू, चालतंय तसं.” झालं. ती बैठक तिथेच मोडली. मुलाकडच्यांना अपमान वाटला आणि पुतणी पुढे बरेच महिने शकूताईंशी बोलली नाही. त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं आणि तो अतिशय सुखाने संसार करतो आहे. हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, “मुलगा चांगला असेल. ब्रेक ढिलाच होता.”

माझ्या सायकलवर त्यांची नजर पडली ती अशीच. सायकल मुलाची, जुनी माउंटन बाइक. तो नोकरीला बंगळुरूला गेल्यापासून ती पार्किंगमध्ये धूळ खात होती. डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला म्हणून मी ती बाहेर काढली आणि सोसायटीला दोन चकरा मारल्या. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला. “सविता, ती सायकल केकाटतेय आणि तू खुशाल वर बसली आहेस?”

रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम असेल. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली होती, शेजारी वर्तमानपत्रावर हत्यारं मांडली होती. ब्रेकची रबरं काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. रबर नावालाच उरलं होतं, आतलं लोखंड चकाकत होतं. “हे बघ. यावर खाचा असतात. खाचा दिसायच्या बंद झाल्या की रबर संपलं. तुझ्या खाचा जाऊन जमाना झाला, आता लोखंड रिमवर घासतंय. म्हणजे ब्रेक लावतेस तेव्हा तू चाक खातेस.”

नवीन रबरं त्यांनी चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानातून आणली होती. दुकानदार ‘कुठलंही बसतंय’ म्हणाला म्हणून त्याच्याशी भांडूनच आणली होती. रिम आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसली. लोखंडाने पडलेले ओरखडे बारीक पॉलिश पेपरने घासले. रबरावर एक बाण असतो, तो चाक ज्या दिशेने फिरतं तिकडे हवा. मला तो बाण आहे हेच माहीत नव्हतं. मुलानेही कधी पाहिला नसणार, कारण जुन्या रबरांपैकी एक उलटं बसवलेलं निघालं. मग त्यांनी पर्समधून एक लाल टॅग काढला, घडी घातली आणि रबराच्या मागच्या टोकाखाली सरकवून नट आवळला. टॅग काढून घेतला तेव्हा रबराचं पुढचं टोक रिमच्या केसभर जवळ राहिलं होतं. “पुढचं टोक आधी लागलं पाहिजे, मग बाकीचं. सगळं एकदम आपटलं की केकाटतं.”

हँडलजवळ तार उसवली होती, तीही बदलली. मला तोवर भूक लागली होती, ऊन चढलं होतं आणि रविवार वाया गेल्याचा रागही आला होता. पण सुटका नव्हती. शेवटची परीक्षा बाकी होती. सायकल सरळ करून त्यांनी मला ब्रेक दाबायला लावला. “बोटं कुठपर्यंत जातात बघ. मूठ अर्धी मिटायच्या आत सायकल थांबली पाहिजे. मूठ पूर्ण मिटली आणि सायकल चालूच राहिली, तर मग माणसाच्या हातात काय उरलं?”

त्यांचं हे सगळं बघून लोक कारण शोधायचे. यांच्या घरात कुणीतरी ब्रेक फेल होऊन गेलं असणार, असं एका शेजारणीने मला कुजबुजत विचारलंही होतं. मी ते शकूताईंना सांगितलं. त्या अशा भडकल्या की विचारू नका. “कुणी नाही गेलं! माझा नवरा ताप येऊन गेला, वडील म्हातारे होऊन गेले. नीट काम करायला घरातलं माणूस मेलेलं लागतं का गं?” आपल्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘हो’ असंच आहे, आणि त्याचाच मला संताप येतो.

आता कंपनीतल्या सायकलींकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले.

आमचं आवार मोठं आहे. वर तीन शेड, मग लांब उतार, आणि उताराच्या तळाशी माझं डिस्पॅच, भंगाराचं आवार आणि गेट. शेडमधून शेडमध्ये नमुने, सुटे भाग, कागद नेण्यासाठी कंपनीने कधीतरी लॉटमध्ये जुन्या माउंटन बाइक घेतल्या होत्या. आणि त्यातल्या एकीलाही धड ब्रेक नव्हते. परत वाचा. ब्रेक बनवणारी कंपनी, भिंतीभिंतीवर ब्रेकची महती सांगणारी पोस्टर्स, आणि आवारातली माणसं उतारावर बूट घासून सायकल थांबवायची. ठेकेदाराच्या पोरांच्या बुटांचे तळवे बघितले असते तरी सगळं कळलं असतं.

या सायकली कुणाच्या, हे शोधायला शकूताई निघाल्या. मेंटेनन्स म्हणालं, ॲडमिनच्या. ॲडमिन म्हणालं, स्टोअर्सच्या. स्टोअर्स म्हणालं, आमच्या रेकॉर्डला सायकल नावाची वस्तूच नाही. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतःच एकेक सायकल दुरुस्त करायला बसल्या. रबरं स्वतः आणलेली, हत्यारं घरची. चार घास घाईने खायचे आणि शेडच्या सावलीत सायकल उलटी करायची. दोन सायकली झाल्या आणि ॲडमिनच्या कुलथे साहेबांकडून मेमो आला. कंपनीच्या मालमत्तेशी अनधिकृत छेडछाड, यापुढे असं आढळल्यास कारवाई. ज्या मालमत्तेला काल कुणी वाली नव्हता, तिला एका रात्रीत मालक मिळाला.

शकूताईंनी मेमो घडी घालून पर्समध्ये ठेवला. “ठीक आहे. दुरुस्त करायची नाही ना? तपासायला तर कुणाची बंदी नाही.” त्यांनी सगळ्यांत वाईट सायकल ओढत नेली, लाल चौकोनात उभी केली आणि हँडलला टॅग बांधला. या वेळी कंपनीचा छापील टॅग. ‘भाग: सायकल. दोष: थांबत नाही. सही: श. ओव्हाळ.’ येणारेजाणारे वाचून हसायचे. पण त्या सायकलीवर कुणी बसलं नाही, हेही खरं.

मग ऑडिट आलं. मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं कारखाना बघायला येणार होती. ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना सांगायला नको. रंग दिला जातो, कुंड्या येतात, जिने पुसले जातात, आणि लाल चौकोन रिकामा दिसला पाहिजे, असा तोंडी हुकूम निघतो. लाल चौकोनात माल असणं म्हणजे तपासणी जागी आहे. पण आमच्याकडे लाल चौकोन रिकामा असला की कंपनी चांगली ठरते. त्या सकाळी पाहुणे वर चहा घेत असताना कुलथे साहेब शेवटची फेरी मारायला आले आणि त्यांना चौकोनात सायकल दिसली. त्यांनी टॅग सोडवला, खिशात घातला आणि समोर दिसलेल्या संतोषला म्हणाले, “ही खाली भंगारात टाकून ये. पटकन.”

संतोष परभणीकडचा, ठेकेदाराकडचा कामगार, माल हलवायच्या कामावर. साहेबांनी पटकन म्हटलं, हातात सायकल दिली, आणि टॅग तर आता नव्हताच. तो सायकलवर बसला.

मी डिस्पॅचच्या खिडकीत होते. एक कंटेनर मागे येत होता, त्याची पीपी चालू होती. तेवढ्यात “सरका, सरका” असं ओरडणं ऐकू आलं. उतारावरून संतोष येत होता. दोन्ही पाय जमिनीवर घासत होते आणि वेग कमी होत नव्हता. कंटेनरखाली जाणार असं वाटलं तेव्हा त्याने हँडल फिरवलं आणि तो लाकडी पॅलेटच्या ढिगावर जाऊन आदळला. डावा हात मोडला. आम्ही धावत जाऊन त्याला उचललं तेव्हा त्याची उजवी मूठ ब्रेकवर तशीच पूर्ण मिटलेली होती. ती सोडवायला मला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली.

ऑडिट उत्तम पार पडलं. त्या दिवशी कँटीनला गुलाबजाम होते.

ठेकेदाराच्या माणसाला आमच्याकडे कुणी काढत नाही. त्याचं गेट बंद करतात. म्हणजे एका सकाळी तो येतो, मशीनसमोर कार्ड धरतो आणि मशीन वाजत नाही. विचारलं तर वॉचमनला माहीत नसतं, ठेकेदार फोन उचलत नाही. हाताला प्लास्टर असलेल्या संतोषने गेटबाहेरून शकूताईंना फोन केला. त्यांनी मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. “ताई, मला काढलं न्हाई म्हणायलेत. फकस्त गेट बंद हाय म्हणायलेत. मी सायकल जोरात पळवली म्हणून. मी काय जत्रंत आलो होतो का ताई, सायकल पळवायला?”

शकूताई त्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत कुलथे साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. आत जायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. साहेबांना बाहेर जेवायला जायचं तर त्यांच्या बाजूने जावं लागायचं. शेवटी चौकशी लागली. खोलीत कुलथे साहेब, टिपणं घ्यायला एचआरची एक मुलगी, शकूताई, आणि डोळ्यांनी पाहिलं म्हणून मी. संतोष नव्हता. शकूताईंनी विचारलं, ज्याची चौकशी तो कुठे आहे? साहेब शांतपणे म्हणाले, “त्याचं गेट बंद आहे. त्याला आत कसं घेणार?” इतक्या सहज म्हणाले की मला आधी हसू आलं आणि मग कानशिलं तापली.

मला विचारलं, “वेगात होता ना तो?” मी म्हटलं, “उतारावर होता, साहेब. आणि ब्रेकवरची मूठ पूर्ण मिटलेली होती.” ते एचआरच्या मुलीने लिहून घेतलं की नाही, देव जाणे.

मग साहेब शकूताईंकडे वळले. आवाज अगदी मऊ. “शकूताई, तुमचे थोडेच महिने राहिलेत. तुम्ही अनुभवी आहात. तुम्ही एवढंच सांगा की सायकल तशी ठीक होती. जुनी होती, पण चालत होती.”

“लाल टॅग होता तिला.”

“मी गेलो तेव्हा मला टॅग दिसला नाही.”

“तुमच्या खिशात होता. संतोषने बघितलंय.”

साहेबांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि एक असं वाक्य टाकलं की ते आठवलं तरी आजही माझ्या हातातलं काम थांबतं. “समजा, होती खराब. तुम्हाला तर दुरुस्त करता येत होती ना? मग तुम्ही का नाही केली? एवढी काळजी होती तर?”

शकूताईंनी पर्समधून मेमो काढला, घडी उलगडून त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं आता बरसतील. पण त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि तीच सायकल दारातून आत घेऊन आल्या. पुढचं चाक वाकलं होतं, गालिच्यावर फाट फाट करत ती टेबलापर्यंत आली.

“चाक तेवढं सरळ करून घेते. चला उतारावर,” त्या म्हणाल्या. “ठीक होती ना? चालत होती ना? मग बसा.”

“हा काय पोरकटपणा आहे?”

“वरून खालपर्यंत एकदाच. मी खाली उभी राहते, तुम्ही थांबलात की मी लिहून देते, सायकल चांगली होती, चूक संतोषची. बसा साहेब.”

“मला मीटिंग आहे.”

“संतोषला पण असती, तर तो पण हेच म्हणाला असता.”

एचआरच्या मुलीचे हात कीबोर्डवर तसेच थांबले होते. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “ती सायकल बाजूला घ्या आधी.” शकूताईंनी विचारलं, “लाल चौकोनात ठेवू?”

काही दिवसांनी संतोषचं कार्ड मशीनवर वाजायला लागलं. का वाजलं, कुणाच्या हुकमावरून, कुणी कुणाला सांगितलं नाही. चौकशीचा निष्कर्ष निघाला तो असा: अपघात उताराच्या तीव्रतेमुळे झाला. उतार बिचारा काय बोलणार! पुढची उपाययोजना म्हणून सगळ्या सायकली भंगारात गेल्या, माणसं खांद्यावर खोकी घेऊन पायी चालायला लागली, आणि गेटजवळ एक भलाथोरला बोर्ड उभा राहिला. ‘सुरक्षा प्रथम.’ त्यावर हेल्मेट घातलेला, हसणारा, सायकलवर बसलेला माणूस. हे चित्र ज्याने निवडलं त्याला मी एकदा तरी भेटायला हवं.

आणि शकूताईंना तपासणीवरून उचलून कँटीनच्या कुपनांच्या खिडकीत बसवलं. ‘तब्येतीला झेपेल असं काम’ म्हणून. त्यांच्या तब्येतीला काहीही झालेलं नव्हतं. ज्या अंगठ्याला पॅडच्या कडेवरचा केसासारखा तडा कळायचा, त्या अंगठ्याने त्या जेवणाची कुपनं फाडत बसल्या. मी चिडून बोलायला लागले की त्या मलाच गप्प करायच्या. “संतोष आत आला ना? मग झालं.” झालं कसं, असं मी म्हणायचे. त्या खिडकीतही त्यांनी सवय सोडली नाही. एक दिवस सांबाराच्या पातेल्याला टॅग होता: ‘दोष: पाणी.’

त्यांचा शेवटचा दिवस आला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, कुलथे साहेबांचं भाषण. ‘शकूताईंनी गुणवत्तेशी कधीच तडजोड केली नाही,’ असं ते खरोखर म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सुटी झाली. आम्ही सगळ्या बसमध्ये बसलो आणि शकूताईंचा पत्ता नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मग कुणीतरी म्हणालं, “अगं, वर बघा.” उताराच्या माथ्यावर करड्या युनिफॉर्ममधल्या शकूताई उभ्या होत्या, गळ्यात शाल, आणि हाताशी तीच माउंटन बाइक. शेजारी संतोष. त्याने भंगारातून ती काढून ठेवली होती, चाक सरळ केलं होतं आणि शकूताईंनी आणून दिलेली रबरं बसवली होती. हात पुरता भरून आला नव्हता, म्हणून नट आवळायला त्याला म्हणे जेवणाच्या दोन सुट्ट्या लागल्या. सायकलींवर बंदी होती. पण निवृत्त झालेल्या बाईला मेमो देणार कुठे?

त्या सायकलवर बसल्या आणि निघाल्या. पाय मुद्दाम जमिनीपासून वर धरलेले. शाल मागे उडत होती, वेग वाढत होता, आणि गेटच्या आत एक ट्रक वळत होता. माझी नजर त्यांच्या हातांवर होती. बोटं ब्रेकवर आली, मूठ अर्धी मिटली, आणि सायकल गेटसमोरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबली. कसलाही आवाज न करता थांबली. शकूताई उतरल्या, मागे वळून माथ्यावरच्या संतोषकडे बघून त्यांनी मान हलवली. पास.

मग त्यांनी सायकल बोर्डाला टेकवली, पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून एक टॅग काढला, काहीतरी लिहिलं आणि ‘सुरक्षा प्रथम’च्या खांबाला बांधला. चांगली गाठ मारली, ओढून बघितली. बसमध्ये येऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ बसल्या. मी विचारलं, “काय लिहिलंत?” तर म्हणाल्या, “भाग: बोर्ड. दोष: नुसताच बोर्ड.” आणि ड्रायव्हरच्या पायाकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बस आत शिरताना मी मुद्दाम खिडकीतून वाकून बघितलं. हेल्मेटवाला हसत होता. टॅग कुणीतरी काढून टाकला होता. आणि त्या दिवशी ऑडिटसुद्धा नव्हतं.